लाटेवरचे ते आणि काठावरची ती

दिवाळीच्या सुट्टीत लेक पुण्याहून घरी आला की दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे मळक्या कपड्यांची भलीमोठी पिशवी. आणि दुसरी, "आई, तू हा पिक्चर बघितलाच पाहिजेस" हा आग्रह. यंदा फराळाचं सगळं आवरून दुपारी मेथी निवडायला बसले, तर पठ्ठ्याने लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि म्हणाला, "तुला 'धूम' आवडला होता ना? मग हा बघ. त्याच्याही कितीतरी आधीचा. १९९१चा. 'पॉइंट ब्रेक'."

मी काही इंग्रजी सिनेमांची दर्दी नाही. खालची अक्षरं वाचेपर्यंत वरचं चित्र पुढे निघून जातं. आणि समुद्र म्हणाल तर आमच्या गावापासून आठ तासांवर. आयुष्यात तीनदा पाहिलाय, तोसुद्धा साडी घोट्याच्या वर जाऊ न देता. तेव्हा लाटांवर फळ्या घेऊन नाचणाऱ्या लुटारूंचा सिनेमा आपल्या काय कामाचा, असं म्हणतच बसले. पण मैत्रिणींनो, मेथी तशीच राहिली. रात्री पिठलं टाकावं लागलं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट सांगते. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या आसपास बँका लुटणारी चौघांची एक टोळी आहे. तोंडावर अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांचे मुखवटे. रेगन, कार्टर, निक्सन आणि जॉन्सन! दीड मिनिटात काम फत्ते. तिजोरीला हात लावायचा नाही, काउंटरच्या खणात असेल तेवढी रोकड उचलायची आणि पसार व्हायचं. एफबीआय म्हणजे तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेत जॉनी युटा हा तरुण अधिकारी नुकताच रुजू झालाय (कियानू रीव्हज). त्याच्या मुरलेल्या जोडीदाराला, पापासला, पक्का संशय आहे की हे लुटारू सर्फिंग करणारे आहेत. म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होणारे. ऑफिसात सगळे त्याला हसतात. पण युटा ते मनावर घेतो, ओळख लपवतो, फळी विकत घेतो आणि त्या लोकांत मिसळायला समुद्रावर जातो.

आणि पहिल्याच दिवशी बुडायला लागतो!

त्याला वाचवते ती टायलर. हे काम लॉरी पेटी या अभिनेत्रीने केलंय. आखूड कापलेले केस, काटक अंग, तोंडाने फटकळ. पाण्यातून ओढून काढते आणि वर चार शब्द सुनावते. मला तर ती बघताक्षणीच आवडली. आता हिच्यामार्फत त्या लोकांत शिरायचं असं युटा ठरवतो. ऑफिसात जाऊन तिची सगळी माहिती काढतो. त्यात कळतं की तिचे आईवडील वारलेत. झालं. हा दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर उभा राहतो आणि आपलेही आईवडील अपघातात गेल्याचं बेमालूम सांगतो. तिचं मन विरघळतं. ती त्याला शिकवायला तयार होते. आधी वाळूवर फळी ठेवून, पालथं पडून, मग झटकन उभं राहायला.

इथे मी लेकाला म्हटलं, "थांबव जरा." त्याला वाटलं चहाला उठतेय. मी उठले नाही. मी म्हटलं, "हा मेला वाईट आहे."

"आई, तो हिरो आहे!"

"असू दे. तिचे आईवडील गेलेत हे कागदावर वाचून हा आपले जिवंत आईवडील मारून आला. वाईट आहे."

सिनेमा पुढे सुरू झाला, पण माझ्या मनात ती गोष्ट तिथेच अडकली. पुढे टायलरमुळे युटाची ओळख बोधीशी होते (पॅट्रिक स्वेझी). हा त्या टोळीचा म्होरक्या. देखणा, निर्भय, गोड बोलणारा. युटाला त्याची अशी भुरळ पडते की एकदा पाठलागात तो नेमका पिस्तुलाच्या टप्प्यात सापडलेला असतानाही युटा गोळी हवेत झाडतो. इकडे टायलरवर त्याचा खरोखरच जीव जडतो. आणि मग एक दिवस तिला तो पोलीस असल्याचं कळतं. ती पिस्तूल रोखून त्याच्यासमोर उभी राहते. आपण विश्वास ठेवला तो माणूस नक्की कोण, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर लिहिलेला असतो. त्याच्याकडे उत्तर नसतं.

लेकाचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. तो म्हणाला, "आई, पोलिसांना वेश पालटूनच जावं लागतं. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी तूच सांगायचीस ना?"

सांगायचेच. तुम्हीही मुलांना सांगितल्या असतील. शत्रूच्या गोटात शिरून बातमी काढणाऱ्या त्या माणसाबद्दल आपल्याला अभिमानच आहे. गुन्हेगार काही पाटी लावून बसत नाहीत, तेव्हा पोलिसांनाही आडवाटेने जावं लागणार हे मलाही कळतं. पण बोधीला फसवणं वेगळं आणि टायलरला फसवणं वेगळं. बोधी स्वतः मुखवटा घालून खेळात उतरलेला. समोरचाही मुखवटा घालून येऊ शकतो, हे त्याने धरूनच चालायला हवं. टायलरने कुठला मुखवटा घातला होता? तिने एका बुडत्याला वाचवलं, एवढाच तिचा गुन्हा. ती चोर नव्हती, साक्षीदारही नव्हती. ती त्याच्यासाठी नुसती पायरी होती, आणि पायरीला कुणी विचारून पाय ठेवत नाही.

लेक म्हणाला, "पिक्चरच आहे तो. एवढं काय!"

पिक्चरच असता तर मीही सोडून दिलं असतं. पण ब्रिटनमध्ये हे खरोखर घडलंय. तिथल्या पोलिसांची खास पथकं वर्षानुवर्षं निरनिराळ्या चळवळींमध्ये गुप्त माणसं पाठवत होती. पर्यावरणवाले, प्राण्यांच्या हक्कांसाठी भांडणारे, वर्णद्वेषाविरुद्ध उभे राहिलेले लोक यांच्यात हे अधिकारी खोट्या नावाने मिसळायचे. त्यातल्या काहींनी चळवळीतल्या बायकांशी प्रेमसंबंध जोडले. एखाद्या रात्रीची गोष्ट नव्हे, कित्येक जोडपी वर्षानुवर्षं एकत्र होती. मग काम संपलं की हे गृहस्थ काहीतरी कारण सांगून नाहीसे व्हायचे. ती बिचारी त्याला शोधत राहायची. २०१०मध्ये एकीला आपल्या जोडीदाराचा पासपोर्ट गाडीच्या कप्प्यात सापडला. फोटो त्याचा, नाव भलतंच. सहा वर्षांचं नातं, आणि माणसाचं खरं नावसुद्धा ठाऊक नाही!

त्या बायका गप्प बसल्या नाहीत. २०११मध्ये आठजणींनी पोलिसांविरुद्ध दावा दाखल केला. नोव्हेंबर २०१५मध्ये लंडनच्या पोलिसांना सातजणींची जाहीर माफी मागावी लागली. हे संबंध फसवणुकीचे होते, चूक होते आणि या बायकांच्या मानवी हक्कांचा भंग करणारे होते, हे त्यांना लेखी कबूल करावं लागलं. त्याच वर्षी सरकारने या सगळ्या प्रकाराची चौकशीही नेमली. आठवीने आपला लढा पुढे चालू ठेवला आणि २०२१मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने निकाल दिला. मुद्दा पैशांचा नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की आमच्या घरात, आमच्या अंथरुणात सरकारने माणूस पाठवला आणि आम्हाला विचारलं नाही.

सिनेमातल्या टायलरला न्यायाधिकरण नव्हतं. पण तिच्या हातातल्या पिस्तुलामागचा प्रश्न आणि या बायकांचा प्रश्न एकच आहे.

आता तुम्ही म्हणाल, कॅलिफोर्निया आणि लंडनच्या गोष्टी सांगून ही बाई आपल्याला काय सांगतेय? आमच्याकडे कुठला एफबीआय आणि कुठले गुप्त पोलीस! तर मग घरचंच सांगते.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या यांचा एक जिवलग मित्र होता. गडावर चढणं, नदीला पूर आला की पुलावरून उडी मारणं, रात्री-बेरात्री मोटरसायकलवर कुठेतरी निघून जाणं, असा अवलिया माणूस. बोलायला लागला की ऐकत राहावं. हे म्हणजे शिस्तीचे नोकरदार, पण त्याच्यासोबत असले की वेगळेच व्हायचे. त्याने धंद्यासाठी कर्ज काढलं आणि हे जामीन राहिले. धंदा बुडाला, मित्र गाव सोडून गेला आणि हप्ते आमच्या पगारातून जायला लागले. मला यातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. "या महिन्यात पगार उशिरा झाला," "ऑफिसात वर्गणी होती," अशी रोज नवी कारणं. माझ्या पाटल्या "बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतो" म्हणून घेऊन गेले, त्या गहाण पडल्या होत्या.

एका दुपारी पोस्टमन रजिस्टर घेऊन आला. सही मी केली. पाकीट फोडलं तेव्हा दीड वर्षाचा सगळा हिशेब समोर पडला.

संध्याकाळी हे घरी आले. भांडण झालं का? नाही. मी फक्त पाकीट पुढे ठेवलं. हे म्हणाले, "तुला उगाच ताण नको म्हणून बोललो नाही." आणि मैत्रिणींनो, मला खोटं वाटलं नाही ते. खरोखरच माझ्या काळजीपोटी त्यांनी लपवलं होतं. पण दुःख कर्जाचं नव्हतंच. कर्ज काय, फेडलं आम्ही. पाच वर्षं लागली. दुःख हे होतं, की दीड वर्षं रोज संध्याकाळी ज्या माणसाला मी चहा देत होते, ज्याच्याशी भाजीचे भाव आणि मुलाचे मार्क बोलत होते, तो माणूस नक्की कोण होता? तो माझ्याशी बोलत होता तेव्हा मनात काय चाललं होतं? आधीचा प्रत्येक दिवस मी पुन्हा आठवून तपासत होते. खोटेपणाने उद्याचा भरवसा जातोच, मागचे दिवसही हातातून जातात. टायलरच्या चेहऱ्यावर मी तेच पाहिलं. म्हणून तर मेथी राहिली.

"तुझ्या भल्यासाठी", "कामासाठी", "वेळ आली की सांगणारच होतो". ही वाक्यं आपल्यापैकी किती जणींनी ऐकली असतील! जमिनीचा व्यवहार असो, नोकरी सुटल्याची बातमी असो, स्वतःचा आजार असो. बाईला सगळ्यात शेवटी कळतं. आणि कळल्यावर तिने रागवायचंही नाही, कारण हेतू चांगला होता ना! हेतू चांगला असेलही. पण माझ्या आयुष्यातली गोष्ट मला कळू द्यायची की नाही, हे दुसऱ्याने परस्पर ठरवावं, हा अधिकार त्याला कुणी दिला?

आता पुन्हा सिनेमाकडे वळते, कारण त्यातला बोधी मला सोडत नाही. त्याचं नाव 'बोधिसत्त्व' या शब्दावरून पडलंय, असं टायलरच सांगते. नाव ऐकून मी चमकले. आपल्याकडे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ धरलेला पद्मपाणी बोधिसत्त्व आहे. खाली झुकलेली नजर, जगाचं दुःख पाहून कळवळलेला चेहरा. बोधिसत्त्व म्हणजे इतरांचं दुःख सरावं म्हणून स्वतःचं निर्वाण लांबणीवर टाकणारा. आणि हा बोधी काय करतो? माणसाच्या आतली आग विझवणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध आपण लढतोय, असं मोठमोठं बोलतो. पण युटा पोलीस असल्याचं समजल्यावर याच टायलरला ओलीस ठेवतो. त्याचीच पूर्वीची मैत्रीण ती! तिचा जीव टांगणीला लावून युटाला दरोड्यात सोबत न्यायचं, हा त्याचा डाव. शेवटच्या दरोड्यात आपलाच नियम मोडून तो तिजोरीला हात घालतो आणि सगळंच बिघडतं. माणसं मरतात. पापास मरतो, टोळीतले मित्र मरतात.

म्हणजे बघा, एकजण कायद्याच्या नावाने तिला वापरतो आणि दुसरा स्वातंत्र्याच्या नावाने. दोघंही एकमेकांवर फिदा. विमानातून उड्या मारतात, लाटांवर स्वार होतात, एकमेकांचे डोळे वाचतात. बिल मात्र टायलरच्या नावावर फाटतं.

आणि सगळ्यात आश्चर्य म्हणजे हा सिनेमा केलाय एका बाईने! कॅथरिन बिगेलो. हे शेवटी नावं आल्यावर लेकाने सांगितलं, तेव्हा माझा विश्वासच बसेना. मूळची चित्रकलेची विद्यार्थिनी. पुढे २०१०मध्ये 'द हर्ट लॉकर' या इराकमधल्या बॉम्ब निकामी करणाऱ्या सैनिकांच्या सिनेमासाठी तिला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. असं ऑस्कर मिळवणारी ती पहिली बाई. ऑस्कर सुरू झाले १९२९मध्ये. म्हणजे एका बाईचं नाव पुकारलं जायला ऐंशीहून अधिक वर्षं लागली!

बाईने सिनेमा काढावा तर घरातला, नात्यागोत्यातला, डोळ्याला पदर लावणारा, असं आपणही कुठेतरी धरून चालतो. बिगेलोबाईंनी ते धरलं नाही. गल्ल्यांमधून, लोकांच्या घरांतून धावत जाणारा तो पायी पाठलाग पाहताना मलाच धाप लागली. बंदुका, विमानं, उसळत्या लाटा हे सगळं पुरुषांच्या मालकीचं नाही, हे त्यांनी करून दाखवलं. याबद्दल त्यांना माझा मनापासून नमस्कार.

पण तक्रारही आहे. पहिल्या अर्ध्यात बुडत्याला ओढून काढणारी, फळीवर उभं राहायला शिकवणारी टायलर दुसऱ्या अर्ध्यात दुसऱ्याच्या ताब्यात सुटकेची वाट पाहत राहते. सुटल्यावर ती युटाच्या मिठीत जाते आणि सिनेमा तिला विसरतो. शेवट ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचवर होतो. पन्नास वर्षांतून एकदा येणारं वादळ. युटा बोधीला बेड्या घालतो, मग त्याच्या हट्टाखातर सोडतो, आणि बोधी त्या राक्षसी लाटेत शिरतो. युटा आपला पोलिसी बिल्ला समुद्रात भिरकावून चालू लागतो. पाहायला फार सुंदर आहे हो! पण टायलर तिथे नाही. तिच्या प्रश्नाचं काय झालं? बिल्ला फेकला म्हणजे खोटं बोललेलं धुऊन निघालं का? फेकण्याआधी तिला एकदा "चुकलो" म्हणायला नको होतं?

लेकाने सांगितलं, 'पॉइंट ब्रेक' हा लाटेचा एक प्रकार आहे. जमिनीचं टोक समुद्रात घुसलेलं असतं, तिथे आदळून लाट काठाकाठाने फुटत जाते. मला वाटलं, नात्याचंही तसंच असतं. एका जागी आदळलं की फुटणं तिथेच थांबत नाही, लांबपर्यंत जात राहतं. आमच्या घरात ते थांबायला बरीच वर्षं लागली. थांबलं, कारण त्या पाकिटानंतर यांनी एक गोष्ट केली. दर महिन्याला पगाराची पावती आणि हप्त्याची पावती देवघरासमोरच्या फळीवर ठेवायला लागले. न सांगता, न चुकता. निवृत्त होईपर्यंत. कुठल्याही माफीपेक्षा ते मला मोठं वाटतं.

लेक आता सव्वीस वर्षांचा आहे. घरात त्याच्या लग्नाचा विषय सुरू झालाय. जाताना कपड्यांच्या पिशवीसोबत मी त्याला एवढंच सांगितलं, "घरी आणशील तिला प्रेम कर, भांड, काय हवं ते कर. पण तिच्या भल्यासाठी म्हणून तिच्यापासून काही लपवू नकोस." तो हसला. "आई, पिक्चर दाखवला मी आणि उपदेश तू करतेस!" पण ऐकलं त्याने. मान हलवताना डोळ्यांत दिसतं आईला.

हा लेख पेपरात पाठवण्याआधी यांना वाचून दाखवला. घरची गोष्ट होती, विचारायला हवंच होतं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "पाठव. पण पाटल्या सोडवून आणल्या, तेही लिही."

लिहिते हो. सोडवून आणल्या. आत्ता हातात आहेत.